वाचकांचे प्रश्न : न झालेली लढाई आणि लीआचा सातबारा

मागच्या अंकात मी जाता जाता एका ओळीत लिहून बसले की 'ट्वायलाईट' मालिकेचं शेवटचं पुस्तक मला ढिलं वाटलं. झालं! टपालानं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मिळून या महिन्यात इतकी पत्रं आली की पावसाळ्यात पुस्तकांना कसर लागू नये म्हणून काय करावं, हा दरवर्षीचा प्रश्न या वेळी कुणी विचारलाच नाही. (उत्तर दरवर्षीचंच आहे. कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि पुस्तकं अधूनमधून हाताळणं.) तेव्हा या वेळचं सदर त्या एकाच पुस्तकाला देऊन टाकते.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची ही चार पुस्तकं: 'ट्वायलाईट' २००५, 'न्यू मून' २००६, 'एक्लिप्स' २००७ आणि शेवटचं 'ब्रेकिंग डॉन' २ ऑगस्ट २००८. बेला नावाची मुलगी बापाकडे, फोर्क्स नावाच्या सदा पावसाळी गावात राहायला येते आणि वर्गातल्या एडवर्डच्या प्रेमात पडते. एडवर्ड रक्तपिपासू, म्हणजे व्हॅम्पायर. १९१८ सालापासून तो सतरा वर्षांचाच आहे. दुसरीकडे जेकब, हा लांडगा होऊ शकणारा मित्र. शेवटच्या पुस्तकात बेलाचं लग्न होतं, बाळंतपण होतं, ती स्वतः व्हॅम्पायर होते, आणि इटलीहून व्होल्टुरी नावाचे व्हॅम्पायरांचे न्यायाधीश-जल्लाद त्यांच्या बाळाचा निकाल लावायला फौज घेऊन येतात. (लहान मुलाला चावून व्हॅम्पायर करणं हा त्यांच्यात गुन्हा, आणि हे बाळ तसंच, असा त्यांचा समज.) अमेरिकेत पहिल्याच दिवशी या पुस्तकाच्या १३ लाख प्रती खपल्या. आता पत्रं.

काकू, चार पुस्तकं वाचत आले ते या लढाईसाठी. बर्फ पडलाय, दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या आहेत, जगभरातून साक्षीदार आलेत, आणि शेवटी नुसतं बोलून सगळे वापस? मला दोन दिवस जेवण गेलं नाही. लेखिका अशी फसवणूक कशी करू शकते? तुम्ही 'ढिलं' म्हणालात ते यासाठीच ना?
*अकरावीची विद्यार्थिनी, ता. दारव्हा*

नाही गं पोरी, यासाठी नाही. पण आधी एक गोष्ट ऐक.

आमच्या वाचनालयात या पुस्तकाची पहिली प्रत आली ती रद्दीतून. २०१३च्या उन्हाळ्यात नागपूरला भाच्याच्या लग्नाला गेले होते, तिथे फूटपाथवर इंग्रजी पुस्तकं किलोनं विकायला होती. त्यात हे जाडजूड, काळ्या कव्हराचं, पुढे बुद्धिबळातला पांढरा मोहरा आणि मागे लाल प्यादं. आमचं 'ड' वर्गाचं वाचनालय. अशी पुस्तकं विकत घ्यायला अनुदान पुरत नाही, म्हणून मी हरखून घेतलं. घरी येऊन पाहते तर शेवटची साठ-सत्तर पानं गायब. उधईनं खाल्लेली असती तर समजलं असतं. कुणीतरी सरळ ओढून काढली होती, शिलाईचा दोरा लोंबत होता. काळे झगे घातलेले व्होल्टुरी जंगलातून बाहेर येतात आणि पुस्तक संपतं.

तोवर गावातल्या पाच मुली पहिली तीन पुस्तकं संपवून बसल्या होत्या. एकजण बी.ए.ला होती. ती दुपारी चार ते सहा वाचनालयाच्या ओट्यावर बसून इंग्रजी वाचायची आणि मराठीत सांगायची, बाकीच्या चौघी मुरमुरे खात ऐकायच्या. पानं नाहीत म्हटल्यावर आधी माझ्या नावानं शिमगा झाला. मग मीच म्हटलं, तुम्हीच लिहा की शेवट. आणि लिहिले त्यांनी, वहीच्या मागच्या पानांवर, पाच शेवट.

पाचही शेवटांत कुणीतरी मरत होतं. एकीनं एडवर्डला मारलं. एकीनं जेकबला मारलं, कारण "त्याचं कोन होतं नाईतरी". एकीनं बाळ मारलं आणि लिहिता लिहिता स्वतःच रडली. बी.ए.वालीनं बेलाला मारलं आणि एडवर्डला कायमचं उन्हात उभं केलं. पाचवी गप्प राहणारी होती. तिनं सगळेच मारले, फक्त बेलाचा बाप चार्ली ठेवला. शेवटची ओळ अशी: "त्याले कोनीच काही सांगतलं नाही. तो दारात पोरीच्या गाडीची वाट पाहून राहिला."

सहा महिन्यांनी अमरावतीच्या एका वाचकानं धड प्रत पाठवली. बी.ए.वालीनं उरलेली पानं एका बैठकीत वाचून काढली. संपल्यावर चौघी तुझ्यासारख्याच चिडल्या. "येवढी मोठी फौज आनली अन् बोलून चालून वापस? असं कुठी रायते का?" पाचवी म्हणाली, "मले तं आवडलं. एवढे लोक जमले, अन् आपल्यातलं कोनीच मेलं नाई. असं वाचाले तरी भेटलं एकदा."

ती असं का म्हणाली हे ओट्यावरच्या प्रत्येकीला माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. एकीनं मुरमुऱ्याचा पुडा तिच्याकडे सरकवला.

तेव्हापासून मी 'लढाई का नाही' अशी तक्रार करत नाही. शिवाय तू नीट मागे जाऊन बघ, फसवणूक म्हणावी तर लेखिकेनं खुणा ठेवल्या आहेत. पुस्तकाचा मधला भाग जेकब सांगतो. त्याच्या पहिल्या प्रकरणाचं नावच असं आहे की ही मेली लढाई एकदाची सुरू कधी होते याची वाट बघतोय! ती वाट आपण पुस्तकभर त्याच्याबरोबर बघतो. मग अ‍ॅलिस, म्हणजे भविष्य दिसणारी ती एडवर्डची बहीण, घर सोडून जाते तेव्हा निरोप कशावर लिहून ठेवते? शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधून फाडलेल्या पानावर. त्या नाटकात सुरी परजलेली असते, मांस कापायचं ठरलेलं असतं, आणि कोर्टात एका युक्तिवादावर सगळं थांबतं. इथेही तेच. बाळ जन्मानंच अर्धं माणूस आहे, चावून बनवलेलं नाही, एवढं सिद्ध झालं की खटला संपला. अ‍ॅलिस दक्षिण अमेरिकेतून नाहुएलला घेऊन येते. दीडशे वर्षांचा, तसाच अर्धा-अर्धा, आणि कुणालाही धोका न झालेला. आमच्याकडे तहसीलमध्ये बांधाचे खटले वर्षानुवर्षं चालतात आणि एक जुना फेरफार सापडला की दहा मिनिटांत निकाल लागतो. तसंच.

बेलाची ढाल, म्हणजे मनावर चालणाऱ्या दुसऱ्यांच्या शक्ती अडवायची तिची ताकद, तीही आयत्या वेळी काढलेली नाही. पहिल्या पुस्तकात एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त बेलाचं नाही. तिथेच ते बी पेरलेलं आहे. चार पुस्तकांनंतर ते उगवतं आणि तीच ढाल ती सगळ्यांवर पसरते. कव्हरावरचं प्यादं तेच, सगळ्यात दुबळी असलेली बेला. पुढचा पांढरा मोहरा इंग्रजीत राणी असतो. आपण त्याला वजीर म्हणतो, म्हणून आमच्या पोरींना ते चित्र कळेना. "वजीर कोन यातला?" असं विचारत बसल्या होत्या.

मग ढिलं काय? सांगते. तुला २००८ सालची कर्जमाफी आठवायची नाही, तू जन्मलीही नसशील. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, आणि हे पुस्तक आलं त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. माझ्या डोक्यात दोन्ही एकत्रच बसलेली आहेत. आधीच्या तीन पुस्तकांत लेखिकेनं बेलाच्या नावावर कर्ज चढवलं होतं. व्हॅम्पायर झालीस तर आईबाप सुटतील. निदान वर्षभर रक्ताच्या तहानेनं वेडी होशील, माणसांत जाता येणार नाही. मूल कधीच होणार नाही. 'एक्लिप्स'मध्ये एडवर्डच्या घरातलीच रोझाली तिला हे समोर बसवून सांगते. मी तिन्ही पुस्तकं धडधडत वाचली ती याचसाठी, की पोरगी एवढं सगळं देऊन हे घेणार आहे. शेवटच्या पुस्तकात काय होतं? जेकब चार्लीसमोर लांडगा होऊन दाखवतो आणि चार्ली आरामात येत-जात राहतो. बेलाला पहिल्या दिवसापासून तहान आवरते. मूल तर व्हॅम्पायर होण्याआधीच होतं. तिन्ही कर्जं माफ, व्याजासकट. मेलंच कोण, तर आयरिना. तिला आपण इतकं कमी ओळखतो की नाव आठवायला मागची पानं चाळावी लागतात.

आणि माफी दिली तर दिली, मग सगळ्यांना द्यायची. २००८च्या त्या माफीत दोन हेक्टरपर्यंतच्यांना पूर्ण सूट, त्याच्या वरच्यांना आधी ७५ टक्के भरा आणि मग २५ टक्के सवलत घ्या, असं होतं. आमच्याकडची जमीन कोरडवाहू. सात एकरवाल्याच्या घरात बागायती दोन एकरवाल्याइतकंही येत नाही. पण सातबाऱ्यावर दोन हेक्टरच्या वर, म्हणून माझे सासरे बाहेर. ते पेपर घडी करून ठेवायचे आणि काही बोलायचे नाहीत.

या पुस्तकात ती बाहेर राहिलेली बाई म्हणजे लीआ. लांडग्यांच्या टोळीतली एकुलती एक मुलगी. तिचा ठरलेला नवरा तिच्याच नात्यातल्या बहिणीवर भाळला, तोही स्वतःच्या इच्छेनं नाही. बाप दुसऱ्या पुस्तकात हृदयविकारानं गेला. टोळीत सगळ्यांची मनं एकमेकांना ऐकू येतात, म्हणजे ज्यानं सोडलं त्याच्या डोक्यातलं प्रेम हिला रोज ऐकावं लागतं. शेवटच्या पुस्तकात ती जेकबला सांगते की तिचं शरीर थांबलंय, पाळी येत नाही, आपल्याला मूल होईल की नाही ठाऊक नाही. मालिकेतलं सगळ्यात खरं बोलणं तेच, आणि ते प्रेमकथेच्या बाहेर, दोन लांडग्यांमध्ये होतं. पुढे साडेसातशे पानं संपतात, जो तो आपापल्या जागी सुखी, आणि लीआचं काय झालं? काही नाही. जेकबच्या टोळीत राहते. तिचा सातबारा दोन हेक्टरच्या वर निघाला.

मला राग त्याचा आहे. तू लढाईसाठी जेवण सोडू नकोस.

माझी मुलगी बारावीला आहे. तिच्या उशाशी हे पुस्तक सापडलं. नायिका अठराव्या वर्षी लग्न करते, लगेच गरोदर राहते, जीव जाईल असं सांगूनही ऐकत नाही. आमच्या भागात मुलींची लग्नं आधीच लवकर होतात. घरात ठेवू की फेकून देऊ?
*एक आई, ता. आर्णी*

ताई, फेकू नका. ते बहुधा आमच्या वाचनालयाचंच असेल.

चेष्टा सोडून सांगते. तुमची काळजी खोटी नाही. पण हे पुस्तक लग्नाला जितकं गोड दाखवतं असं वरून वाटतं, तितकं आत नाही. लग्नाला टाळाटाळ बेला करते, मागे लागलेला एडवर्ड आहे. बेलाच्या आईनं लहान वयात लग्न करून मोडलेलं, म्हणून 'लवकर लग्न' म्हटलं की बेलाला गावात तोंड दाखवायची लाज वाटते. कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे मुलगी १८ आणि मुलगा २१. एडवर्ड सतराचाच राहणार, म्हणजे त्याचं लग्न आपल्या तालुक्यात लावताच येणार नाही. जन्मदाखला काढावा तर त्यावर १९०१ साल, तो बघून ग्रामसेवकाची शुद्ध हरपेल.

बाळंतपणाबद्दल म्हणाल तर ते मी दोनदा वाचलं आणि दोन्हीदा पुस्तक बाजूला ठेवून पाणी प्यायले. महिनाभरात पोट वाढतं, बाळाच्या लाथेनं बरगड्या मोडतात, आई पेल्यातून नळीनं रक्त पिते, आणि शेवटी डॉक्टर वेळेवर घरात नसतो. हे वाचून कुणा पोरीला 'मलाही लवकर व्हावं' असं वाटेल, असं मला तरी वाटत नाही. तुमच्या-माझ्या आयांनी बाळंतपणाबद्दल आपल्याला याहून कमी सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः वाचा. मधुचंद्राच्या बेटावर बेलाला कळतं की दिवस गेलेत, आणि एडवर्ड ठरवतो की हे काढून टाकायचं. तेव्हा ती गुपचूप फोन करते. कोणाला? आईला नाही. रोझालीला. जिच्याशी तिचं कधी धड जमलं नाही, त्या जावेला म्हणा हवं तर. तेवढी चार-पाच पानं वाचा आणि एखाद्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता पोरीला विचारा, तू कोणाला फोन केला असतास? ती जे नाव सांगेल ते ऐकून घ्या. लगेच काही बोलू नका.

जेकब नुकत्या जन्मलेल्या बाळावर 'इम्प्रिंट' होतो, म्हणजे जन्माची गाठ पडते. हे फक्त मलाच विचित्र वाटलं का? मित्र हसतात की तू पोरींचं पुस्तक वाचतोस.
*एक वाचक, ता. वरुड*

मित्रांना हसू द्या भाऊ, संत्र्याच्या बागेत ओलिताची रात्रपाळी करताना त्यांच्याकडे वाचायला दुसरं काय असतं?

विचित्रच आहे ते. लेखिकेनं सारवासारव केली आहे: आत्ता तो भावासारखा, रखवालदारासारखा, आणि मुलगी सात वर्षांत पूर्ण वाढेल. तरीही. आपल्या पणज्यांची लग्नं पाळण्यात ठरायची, ते बंद करायला १९२९ साली कायदा करावा लागला. ते सगळं माहीत असलेल्या माणसाला हे पान गोड लागत नाही. बेलालाही लागत नाही. ती जेकबच्या अंगावर धावून जाते, मध्ये पडलेल्या सेथचा, म्हणजे लीआच्या भावाचा, खांदा मोडतो, आणि त्यातही तिचा जास्त राग कशावर, तर लेकीला 'नेसी' हे पाण्यातल्या राक्षसाचं नाव ठेवलं म्हणून. पुढे थोड्या पानांत ती शांत होते. मी अजून झालेली नाही.

सिनेमात तर तुंबळ लढाई आहे. पुस्तकात नाही. मग खरं कोणतं?
*बी.एस्सी. प्रथम वर्ष, पुसद*

दोन्हीत लढाई होत नाही. शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे केले, २०११ आणि २०१२ साली, दोन्हींचा दिग्दर्शक बिल कॉन्डन. दुसऱ्यात मुंडकी उडतात, बर्फ फाटतो, आणि मग कळतं की हे सगळं अ‍ॅलिसनं व्होल्टुरींच्या म्होरक्याला दाखवलेलं भविष्य होतं. पुस्तकात ते बसलंच नसतं, कारण तिथे बेला सांगते, आणि अ‍ॅलिसच्या डोक्यातलं तिला दिसत नाही. सिनेमावाल्यांनी दोन्ही डगरींवर हात ठेवला. थिएटरात लोक ओरडले असतील यात शंका नाही.

मी कोलाम समाजाचा आहे. जेकबची जमात क्विल्युट ही खरोखरची आहे असं वाचलं. खऱ्या लोकांचं नाव घेऊन त्यांच्यावर अशी कहाणी रचता येते का?
*शिक्षक, ता. केळापूर*

सर, या महिन्यातल्या सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र जड गेलं.

होय, खरोखरची आहे. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, समुद्राला लागून ला पुश नावाचं गाव आहे, तिथे क्विल्युट लोक राहतात. फोर्क्सही खरंच आहे, तिथून जवळच, लाकूडतोडीवर वाढलेलं. तुम्हाला गंमत वाटेल, त्यांच्या भाषेत म आणि न यांसारखे नाकातले उच्चारच नाहीत, आणि भोवतालच्या बहुतेक भाषांशी तिचं नातं लागत नाही. तुमची कोलामी जशी चारी बाजूंनी मराठीनं वेढलेली, पण कुळ द्रविड, तशीच.

लांडग्यांची कथा त्यांची आहेच. त्यांच्या जुन्या गोष्टीत लांडग्यांपासून त्यांची माणसं झाली. आपल्याकडे गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असतात आणि त्यावरून सोयरीक ठरते, तसं हे त्यांचं मूळ, नात्यागोत्याचं. पण व्हॅम्पायरांशी वैर आणि ते 'इम्प्रिंट' होणं हे सगळं लेखिकेच्या पदरचं. शेवटच्या पुस्तकात तर गंमत अशी की व्होल्टुरींचा म्होरक्या अ‍ॅरोच बोलून दाखवतो की हे खरे मानव-लांडगे नव्हेत, रूप बदलणारे आहेत, लांडगा हा केवळ योगायोग. ज्यांची मूळकथाच लांडग्याची त्यांच्याबद्दल हे वाक्य! वाचताना मी पेन्सिलनं बाजूला फुली मारली आहे.

पुढे सिएटलच्या बर्क संग्रहालयानं क्विल्युट लोकांबरोबर बसून, पुस्तकातलं किती खरं आणि किती रचलेलं, हे जगासमोर मांडलं. आणि त्यांचा खरा झगडा फार वेगळा होता. गाव समुद्राला खेटून, त्सुनामी आली तर शाळेसकट जाईल असं. उंचावर सरकायला जमीन हवी, ती भोवतालच्या राष्ट्रीय उद्यानात. तो कायदा २०१२ साली झाला. त्याच वर्षी शेवटचा सिनेमा लागला. जंगलाच्या हद्दीत आपलीच जमीन मागायची म्हणजे काय, हे केळापूरच्या माणसाला मी सांगायला नको.

'रचता येते का' म्हणता, तर कायद्यानं येत असेल. पण समजा उद्या पुण्या-मुंबईच्या कुणी नकाशात बघून तुमच्या पोडाचं नाव उचललं, तुमच्या पोरांना अर्ध्या चड्डीत जंगलात धावायला लावलं, आणि लाखोंनी पुस्तकं खपवली, तर मी ते वाचनालयात ठेवीन, आणि शेजारी तुम्ही लिहिलेलं ठेवीन. तुम्ही लिहिता का? दोन पानं असली तरी चालतील, मराठीत किंवा कोलामीत. या सदराच्या पत्त्यावर पाठवा.

हे एडवर्डचं कलन कुटुंब विदर्भात राहू शकेल का? आमच्या नातीनं विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.
*निवृत्त मुख्याध्यापक, ता. चिखलदरा*

गुरुजी, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. यांची कातडी उन्हात हिऱ्यासारखी चमकते, म्हणून तर ते ढगाळ फोर्क्समध्ये दडून बसले. वर्धा-यवतमाळकडे लोक ऑक्टोबरातच त्यांना ओळखून काढतील. पण तुमच्या चिखलदऱ्यात जुलै ते सप्टेंबर हात पुढे केला तर हात दिसत नाही. तेवढे तीन महिने जमेल, भाड्याची खोलीही मिळेल.

अडचण जेवणाची. कलन मंडळी माणसं खात नाहीत, जनावरांवर भागवतात, आणि एडवर्डला डोंगरी सिंह फार आवडतो. मेळघाटात तो वाघाकडे वळेल. १९७२चा वन्यजीव कायदा आहे, वनखातं त्याला व्होल्टुरींपेक्षा आधी पकडेल. रोही आणि रानडुक्कर खायला तयार असेल तर मात्र नातीला सांगा, आमच्या गावात सोय करू. हरभऱ्याच्या दिवसांत जागलीला माणूस मिळत नाही, आणि याला तशीही झोप नाही.

मला हे वाचायचं आहे पण इंग्रजी कच्चं आहे. थेट शेवटचंच वाचलं तर चालेल का? तुमच्या वाचनालयात आहे का?
*वाचक, ता. दिग्रस*

थेट शेवटचं नको. पहिलं वाच, वाक्यं सोपी आहेत, अर्धं तर शाळा आणि पाऊस. अडलेला प्रत्येक शब्द शोधत बसू नकोस. एका पानावर दोनच शोध, बाकीचे संदर्भानं कळतात. चौथ्यात पोहोचलीस की जेकबचा भाग सगळ्यात सोपा आणि विनोदी, पण तो हळू चालतो. आपली शकुंतला गाडी दारव्ह्याहून मूर्तिजापूरला जायची तसा, उतरून पेरू घेऊन पुन्हा चढता येईल इतका. तिथे कंटाळून सोडू नकोस, लीआ त्यातच आहे.

पहिली तीन जागेवर आहेत. चौथ्याची धड प्रत सध्या बाहेर आहे, आणि नेणारीच्या आईचं पत्र तू वर वाचलंसच. पोळ्यानंतर मिळेल. तोवर चालणार असेल तर रद्दीतली ती फाटकी प्रत कपाटात आहे. तिच्या मागे मी त्या पाच वह्यांची पानं सुईदोऱ्यानं शिवून ठेवली आहेत. अक्षर वाचता येतं. शेवटच्या पानावर मुरमुऱ्याच्या तेलाचा डाग आहे, तेवढा सांभाळून घे.